संसारांतील यंत्रें : तिसऱ्या नळकांड्याची तक्रार

गेल्या वैशाखांत घरगुती कामानिमित्त आम्हांस खानदेशांत भडगांवास जाण्याचा योग आला. काजगांव स्टेशनावर उतरून गिरणाकांठीं पोंचेपर्यंत उन्हानें जीव नकोसा झाला होता; परंतु आमच्या मामेभावाच्या, म्हणजे नानांच्या, ओसरीवर पाय ठेवतांच माठांतील पाणी, कैरीचें पन्हें आणि वहिनींचें अगत्य यांनीं तो सारा शीण घालविला. नानांची लिंबांची बाग आहे. उन्हाळ्यांत लिंबास जो भाव येतो त्यावर त्यांच्या वर्षाच्या संसाराचा बराचसा भार असतो, आणि हा माल बाजारांत नेण्याकरितां त्यांनीं एक लहान मालट्रक ठेविलेला आहे. टाटांच्या कारखान्यानें २००५ सालीं 'एस' नांवाची इवलीशी मालगाडी काढली, तिला लोक 'छोटा हत्ती' म्हणूं लागले, व पुढें पुढें कोणत्याही कारखान्याच्या तसल्या गाडीस तेंच नांव पडलें. नानांची गाडी कोणत्या कारखान्याची, हें सांगण्याचें येथें प्रयोजन नाहीं. ती जुनी आहे, चार नळकांड्यांची आहे, आणि पेट्रोल व दाबाखालील नैसर्गिक गॅस अशा दोन्हींवर चालते, इतकें पुरे.

रात्रीं जेवणें आटोपल्यावर नाना सुपारी कातरीत म्हणाले, "तूं यंत्रांवर लिहितोस ना? मग आमच्या दारांतल्या त्या अवदसेचें काय तें सांग."

हकीकत अशी होती. माघ संपतां संपतां गाडीच्या फलकावरील इंजिनाच्या आकृतीचा पिंवळा दिवा एके दिवशीं लागला. चाळीसगांवाहून औट्रम घाट चढून गाडी कन्नडच्या बाजूस पोंचली, चहाकरितां उभी राहिली, आणि इंजिन हिंवतापाच्या रोग्यासारखें कांपूं लागलें. गॅरेजच्या भाषेंत ह्यास 'मिसिंग' म्हणतात. मोठ्या गांवच्या एका गॅरेजांत गाडी नेली. तेथील तरुण कारागिरानें स्टिअरिंगखालच्या खोबणींत आपलें स्कॅनर-यंत्र जोडलें; त्यावर 'पी-०३०३' असा संकेत उमटला. त्यानें तिसऱ्या नळकांड्याची कॉइल बदलली, संकेत पुसून टाकला व पैसे घेतले. चार दिवसांनीं दिवा पुन्हां हजर! मग चारही प्लग बदलले. आठवड्यानें दिवा पुन्हां हजर. तिसऱ्या खेपेस निदान झालें, कीं गाडीचा कॉम्प्यूटरच बिघडला आहे, व नव्या कॉम्प्यूटरास चाळीस हजारांच्या आसपास खर्च येईल.

एवढ्यावर भागलें असतें तर हें प्रकरण आम्ही येथें मांडलेंच नसतें. परंतु मध्यंतरीं कोणी तरी नानांच्या कानांत कुजबुजलें, कीं ड्रायव्हर चांगलें पेट्रोल काढून विकतो व टांकींत रॉकेल ओततो, दिवा लागतो तो त्यामुळें. अकरा वर्षें ज्यानें ह्या घरची गाडी हांकली, वहिनींच्या आजारपणांत अपरात्रीं ज्यानें त्यांस जळगांवास नेलें, त्या माणसास नानांनीं उभ्या उभ्या काढून टाकलें, आणि त्याचा पंधरा दिवसांचा पगारही अडकवून ठेविला. नानांचा मुलगा ह्या सर्वांस इतका कंटाळला होता, कीं गाडी व बाग दोन्ही सोडून पुण्यास नोकरीच्या शोधांत जाण्याचें त्याच्या मनांत घोळत होतें.

आतां हा संकेत म्हणजे काय, हें पाहूं. त्याची लिपि मोठी सुबोध आहे. आरंभींचें 'पी' हें अक्षर इंजिन व त्याची शक्ति चाकांपर्यंत पोंचविणारी सामग्री यांचें निदर्शक. पुढील शून्याचा अर्थ असा, कीं हा संकेत सर्व कारखानदारांस समान आहे, कोणा एकाच्या खासगी कोशांतला नव्हे. नंतरचा ३ हा ठिणगी व प्रज्वलन ह्या प्रकरणाचा आंकडा, आणि शेवटचे दोन अंक विशिष्ट दोष सांगतात. ०३०० असल्यास अनेक नळकांडीं अनियमितपणें चुकत आहेत. ०३०१ असल्यास पहिलें, ०३०२ असल्यास दुसरें, ह्याप्रमाणें पुढें. ०३५१ पासूनचे संकेत कॉइलींच्या विद्युन्मार्गासंबंधीं असतात. तेव्हां नानांच्या गाडीची फिर्याद एवढीच, कीं तिसरें नळकांडें आपली पाळी चुकवीत आहे.

ही पद्धति फार जुनी नाहीं. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यानें १९८८ च्या सुमारास हवेच्या शुद्धतेकरितां गाड्यांवर असें आत्मपरीक्षण लादलें. १९९६ पासून तें सर्व अमेरिकेंत आजच्या स्वरूपांत आलें. आणि आपल्याकडे भारत स्टेज चारच्या नियमांबरोबर २०१० पासून तें टप्प्याटप्प्यानें लागू झालें. स्कॅनर-यंत्र सार्वत्रिक होण्यापूर्वीं एक मौजेची रीत असे. जनरल मोटर्सच्या १९८० नंतरच्या कित्येक ट्रकांत एका खोबणींतील दोन टोंकें तारेनें जोडलीं, कीं फलकावरील दिवा स्वतःच लुकलुकून आंकडे सांगे. एकदां लुकलुकून थांबला व मग दोनदां लुकलुकला म्हणजे बारा. चारदां आणि मग दोनदां म्हणजे बेचाळीस, अर्थात् ठिणगीची वेळ ठरविणाऱ्या विद्युन्मार्गांत दोष. ह्याच कंपनीनें १९२८ सालीं मुंबईंत शिवडीस आपला कारखाना घातला होता. परंतु तेथून बाहेर पडलेल्या लॉऱ्यांस बोलण्याची ही विद्या अवगत नव्हती. त्यांचें दुखणें कारागिरासच ओळखावें लागे.

डिझेलवर चालणाऱ्या ट्रकांत ठिणगीचा प्रश्नच उद्भवत नाहीं, हें येथें सांगून ठेवितों. त्यांत हवा इतकी दाबली जाते कीं तिच्या उष्णतेनेंच तेल पेट घेतें. पेट्रोलचें व गॅसचें तसें नाहीं. तेथें बॅटरीच्या बारा व्होल्टांचे कॉइलनें वीस-तीस हजार व्होल्ट करावे, आणि ती वीज प्लगच्या टोंकाशीं असलेल्या मिलिमीटरभरही नसलेल्या फटींतून उडवावी, तेव्हां कोठें आंतील मिश्रण पेटतें. अशा कॉइलची व्यवस्था अमेरिकन गाड्यांत केटरिंग नांवाच्या शोधकानें १९१० च्या सुमारास आणली. गॅसचें मिश्रण पेट्रोलपेक्षां हट्टी असल्यामुळें त्यास ठिणगी अधिक जोरकस लागते. म्हणून गॅसच्या गाडींत 'मिसिंग' झालें कीं कारागिराचा हात प्रथम प्लग व कॉइल यांकडेच जातो. त्यांत त्याची फारशी चूक नाहीं. चूक पुढें आहे.

तिसरें नळकांडें चुकलें हें कॉम्प्यूटरास कसें कळतें? आमची स्वतःची समजूत कित्येक वर्षें अशी होती, कीं तो प्रत्येक ठिणगीवर डोळा ठेवून असतो. वस्तुतः तसें नाहीं. इंजिनाच्या मुख्य दांड्यावर एक दांतेरी चक्र असतें, व त्याच्या शेजारीं चक्राचे दांत मोजणारा एक पहारेकरी बसविलेला असतो. उभ्या गाडीचें इंजिन मिनिटास नऊशें फेरे घेत असेल, तर चार नळकांड्यांचे मिळून सेकंदास तीस धक्के त्या दांड्यास बसतात. प्रत्येक धक्क्यासरशीं चक्र किंचित् पुढें उसळतें. एखाद्याच्या पाळीस तें उसळलें नाहीं, तर तें नळकांडें चुकलें असें कॉम्प्यूटर टिपून ठेवितो. म्हणजे त्यानें ठिणगी पाहिलेलीच नसते. त्यानें पाहिलें असतें तें केवळ चक्राचें रेंगाळणें.

ज्या वाचकांनीं तर्कसंग्रह वाचला आहे, निदान घरांतील वडील मंडळींच्या तोंडून ऐकला आहे, त्यांच्या ध्यानांत पुढील गोष्ट चटकन् येईल. डोंगरावर धूर दिसला म्हणून तेथें अग्नि आहे, हें अनुमान निर्दोष. परंतु अग्नि आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, हें सदोष. कारण लोहाराच्या भट्टींतून काढलेल्या लाल गोळ्यांत अग्नि असून धूर नसतो. ठिणगी चुकली तर चक्र रेंगाळेल, हें खरें. चक्र रेंगाळलें म्हणून ठिणगीच चुकली, हें मात्र खरें नव्हे. इंधन कमी पडलें तरी तें रेंगाळेल, आणि नळकांड्यांत हवा नीट दाबली गेली नाहीं तरीही रेंगाळेल. संकेताच्या कोशांत हा आंकडा 'ठिणगी व प्रज्वलन' ह्या मथळ्याखालीं छापला आहे, आणि त्या मथळ्यानेंच गॅरेजवाल्यास चकविलें. पूर्वीं शास्त्री मंडळी अशा हेतूस सव्यभिचार म्हणत व विद्यार्थ्याचा कान पिळीत. हल्लीं त्याचें बिल येतें.

भडगांवांतच एक वृद्ध मिस्त्री आहेत. त्यांची उमेदवारी पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या लॉऱ्यांवर झाली. वालचंदशेटींच्या कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यांतून १९४७ पासून बाहेर पडूं लागलेले डॉज त्यांनीं म्हातारपणीं, म्हणजे गाड्यांच्या म्हातारपणीं, पुष्कळ हाताळले. इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची तार काढावी व कान द्यावा. जी तार काढल्यानें इंजिनाच्या आवाजांत कांहींच फरक पडत नाहीं, तें नळकांडें मेलेलें समजावें, ही त्या काळची रीत. दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही, नाना व चिरंजीव गाडी घेऊन त्यांच्या निंबाच्या झाडाखालीं जाऊन थडकलों. चिरंजिवानें संकेताचा कागद पुढें केला. मिस्त्रींनीं तो वाचला, घडी करून खिशांत ठेविला, आणि म्हणाले, "दिवा सांगस तठे पळू नको भाऊ, इंजिन काय सांगस ते आयक."

मग त्यांनीं प्रश्न विचारण्यास आरंभ केला. गाडी गार असतांना चुकते कीं तापल्यावर? धांवतांना कीं उभी असतांना? गॅसवर, पेट्रोलवर, कीं दोन्हींवर? भरलेली असतांना कीं रिकामी? नाना चिरंजिवाकडे पाहूं लागले व चिरंजीव नानांकडे. दोघांपैकीं एकासही उत्तर ठाऊक नव्हतें. "गाडी चालवणारा कोठें आहे?" मिस्त्रींनीं विचारलें. ह्या प्रश्नानें जी शांतता पसरली तींत निंबावरचे कावळेही ओरडावयाचे थांबले असें आम्हांस वाटलें. अखेर चिरंजिवानेंच दूर जाऊन टेलिफोन केला. काढून टाकलेल्या त्या गृहस्थानें मनांत किंतु न आणतां सर्व सांगितलें. सकाळीं गार इंजिन कधींच चुकत नाहीं. भरल्या गाडीनें घाट चढून वर थांबलें कीं चुकतें. अर्धा तास निवूं दिलें कीं पुन्हां ठीक. आणि गॅस असो वा पेट्रोल, प्रकार एकच.

मिस्त्री हंसले. पेट्रोलांत भेसळ असती तर गॅसवर गाडी सुरळीत चालावयास हवी होती. शिवाय भेसळ चारही नळकांड्यांच्या वांट्यास सारखीच येते, ती एकट्या तिसऱ्याशीं वैर कां धरील? एका टेलिफोनांत त्या माणसावरील किटाळ निघालें. तेच प्रश्न तीन महिन्यांपूर्वीं कोणी विचारले असते तर!

पुढील काम अन्वय-व्यतिरेकाचें होतें, व त्यास दीड दिवस लागला. स्कॅनरांत संकेताबरोबर त्या क्षणाची नोंदही गोठवून ठेविलेली असते. पूर्वीच्या नोंदी संकेत पुसण्याच्या घाईंत गेल्या होत्या; संकेत पुसणें म्हणजे साक्षीदारास गांवाबाहेर पाठविणें होय. सुदैवानें शेवटची शिल्लक होती : इंजिन पुरतें तापलेलें, वेग शून्य, फेरे अगदीं मंद. ड्रायव्हरच्या सांगण्याशीं तें तंतोतंत जुळलें. मग मिस्त्रींनीं तिसऱ्याची कॉइल पहिल्यास व पहिल्याची तिसऱ्यास लावली. दोष कॉइलींत असता तर तिच्या मागोमाग पहिल्याकडे जाता व ०३०१ उमटता. गाडी लादून चाळीसगांव रस्त्यानें पिटाळली, परत आणून उभी केली. संकेत ०३०३ च. प्लगांची अशीच अदलाबदल केली. संकेत ०३०३ च. पेट्रोल फवारणारी तोटी निराळी व गॅसची निराळी. दोष दोन्हींवर दिसतो, आणि दोन्ही तोट्या एकाच दिवशीं रुसण्याचा संभव कमी. राहतां राहिला दाब.

दाब मागच्या गॅरेजांतही मोजला होता व तो उत्तम भरला होता. परंतु तो सकाळीं, गार इंजिनावर! मिस्त्रींनीं गाडी पुन्हां तापवून आणली आणि हात भाजत असतांनाच प्लग काढून मोजमाप घेतलें. पहिल्याचा दाब बारा किलो, दुसऱ्याचा बारा, चौथ्याचा साडेअकरा, आणि तिसऱ्याचा सात. मग त्यांनीं प्लगच्या भोंकांतून तिसऱ्यांत चमचाभर ऑइल सोडलें. दट्ट्याभोंवतालच्या कड्या झिजल्या असत्या तर ऑइलानें ती फट बुजून दाब वाढला असता. तो वाढला नाहीं. अर्थात् गळती व्हॉल्व्हांतून. संध्याकाळीं इंजिन निवाल्यावर वरचें झांकण काढून फिलर गेजच्या पात्या लाविल्या, तों तिसऱ्या नळकांड्याच्या धूर बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हाशीं सर्वांत पातळ पातीसुद्धां शिरेना. तेथें मिलिमीटरच्या दोन-तीन दशांशांइतकी तरी फट असावयास हवी होती.

ह्याचें कारण गॅसच. नैसर्गिक गॅस कोरडा असतो. पेट्रोलाच्या थेंबांनीं व्हॉल्व्हास जो थोडा ओलावा व गारवा मिळतो तो येथें नाहीं. त्यामुळें प्रत्येक आपटीसरशीं व्हॉल्व्ह आपल्या बैठकींत कणाकणानें रुतत जातो, त्याचा दांडा तितकाच वर सरकतो, आणि वरची फट खाऊन टाकतो. फट संपली, कीं तापून लांबलेल्या दांड्यास व्हॉल्व्ह पुरता मिटूं देणें अशक्य होतें. इंजिन जोरांत फिरत असतां गळतीस वेळ थोडा. तें मंद झालें कीं दाब निसटतो, मिश्रण नीट पेटत नाहीं, चक्र रेंगाळतें व दिवा लागतो. चौघांत कोणी तरी प्रथम जावयाचाच, तो तिसरा गेला. रात्रीं हें सर्व आम्हीं वहिनींस समजावून सांगितलें, तेव्हां त्या म्हणाल्या, "म्हणजे कुकरचें झांकण नीट बसलें नाहीं, शिटी होईना, आणि तुम्ही शेगडी बदलीत बसलां!" इतकें नेमकें वर्णन आमच्या हातून झालें नसतें. एक सूचना मात्र भगिनींस केली पाहिजे : स्वयंपाकघरांतील सिलिंडरचा गॅस निराळा व ह्या गाडीचा निराळा. घरचा थोड्या दाबानें द्रवरूप होतो. गाडीचा सुमारें दोनशें पट दाबाखालींही वायुरूपच असतो. एकाचा उपयोग दुसऱ्याच्या ठिकाणीं करण्याचा मोह कोणी दाखवील तर त्यास दारांतूनच परत पाठवावें.

मिस्त्रींनीं आठही व्हॉल्व्हांचें टॅपेट बसवून दिलें व मजुरी म्हणून कांहीं शें रुपये घेतले. चाळीस हजारांचा कॉम्प्यूटर जेथल्या तेथें निमूटपणें आपलें काम करीत राहिला. तो बिचारा प्रथमपासून खरेंच बोलत होता. मात्र मिस्त्रींनीं बजावलें, कीं ही मलमपट्टी आहे. व्हॉल्व्हाची कड थोडी जळली असावी. लिंबांचा हंगाम आटोपल्यावर पावसाळ्यांत हेड उतरवून बैठका घासून घेतल्याच पाहिजेत, आणि पुढें टॅपेट नियमानें तपासलें पाहिजे. कारखान्याच्या पुस्तकांत तें लिहिलेलें होतेंच. दोन वर्षें नानांनीं तो खर्च वांचविला होता.

ड्रायव्हरास बोलावण्याकरितां चिरंजीव गेला. त्यानें निरोप धाडला, कीं यावयास हरकत नाहीं, पण अडकविलेला पगार आधीं मिळावा. नाना तांबडेलाल झाले, ओसरीवर दोन येरझारा घातल्या, आणि मग टोपी चढवून, पैसे घेऊन स्वतःच त्याच्या घरीं गेले. तेथें काय बोलणें झालें तें आम्हांस कळलें नाहीं. विचारण्याचें धैर्यही झालें नाहीं.

तिसऱ्या दिवशीं पहाटे लिंबांनीं भरलेली गाडी छत्रपति संभाजीनगरच्या बाजाराकडे निघाली. आम्ही व नाना पुढें दाटीवाटीनें बसलों होतों. घाट चढून गेल्यावर नेहमींच्या हॉटेलापुढें ड्रायव्हरनें गाडी उभी केली, परंतु इंजिन बंद केलें नाहीं. तिघांचा चहा गाडींतच आला. टॅपेटचा मंद टक-टक असा आवाज येत होता. पेले रिकामे होईपर्यंत तिघांचेही डोळे त्या फलकावर होते. दिवा लागला नाहीं.

"माघांत तूं मला म्हणाला होतास ना," नानांनीं बाहेर पाहतच विचारलें, "कीं इंजिनाची टक-टक कमी झाली आहे म्हणून?"

माघांत ही गोष्ट ऐकून नाना खूष झाले होते. गाडी जुनी होतां होतां शांत झाली, असें त्यांनीं चार लोकांस सांगितलेंही होतें. फट संपली कीं टॅपेटचा आवाज थांबतो, हें त्यांस तेव्हां ठाऊक नव्हतें.

ड्रायव्हरनें पेले खिडकींतून परत दिले व गाडी गिअरमध्यें टाकली.

"दोन येळा सांगेल व्हतं, नाना," तो म्हणाला.